मत नसलेला अध्यक्ष

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत युरोपचे दोन प्रमुख पाहुणे होते, उर्सुला फॉन डेर लायन आणि अंतोनियो कोस्ता. दोघांच्याही नावापुढे ‘अध्यक्ष’. संचलन संपायच्या आत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न आला: यातला युरोपचा खरा अध्यक्ष कोण, आणि मग दुसरा कशाचा? दुसऱ्या दिवशी कोस्तांनी खिशातून स्वतःचे ओसीआय कार्ड (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) काढून सगळ्यांना दाखवले, वडिलांचे घराणे गोव्याचे असल्याचे अभिमानाने सांगितले, आणि ग्रुपवर गोव्याच्या आठवणी निघाल्या. मूळ प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर नीट द्यावे म्हणून हे लिहायला घेतले. या माणसाची चाळीस वर्षांची वाटचाल पाहिली की उत्तर आपोआप उलगडते.

आधी ‘अध्यक्ष’ या शब्दाचा गुंता सोडवू. युरोपीय संघात २७ देश आहेत. फॉन डेर लायन यांचे युरोपियन कमिशन म्हणजे या संघाचे रोजचे सरकार. कायद्यांचे मसुदे तेच मांडते, बाहेरच्या देशांशी व्यापाराच्या वाटाघाटी तेच करते, आणि हजारो अधिकाऱ्यांचे खाते त्याच्या हाताखाली असते. कोस्तांची युरोपियन कौन्सिल म्हणजे २७ देशांच्या पंतप्रधानांची आणि राष्ट्राध्यक्षांची बैठक. ही बैठक कायदे करत नाही. संघाने कोणत्या दिशेला जायचे, युक्रेनला पैसे द्यायचे का, रशियावरचे निर्बंध चालू ठेवायचे का, नव्या देशाला आत घ्यायचे का, असले मोठे निर्णय तिथे होतात, आणि तेही बहुतेक वेळा सर्वसंमतीने. आपल्याकडच्या सगळ्या मुख्यमंत्र्यांची एक कायमची परिषद आहे, त्यांच्या डोक्यावर पंतप्रधान नाही, प्रत्येकाला नकाराधिकार आहे, आणि परिषदेला एक पूर्णवेळ अध्यक्ष आहे ज्याला स्वतःचे मतच नाही, अशी कल्पना करा. कोस्ता तिथे बसतात.

(नावांचा घोळ इथेच संपत नाही. खात्याखात्याच्या मंत्र्यांची एक वेगळी कौन्सिल आहे, ती कायदे मंजूर करते. आणि स्ट्रासबूर्गला ‘कौन्सिल ऑफ युरोप’ नावाची ४६ देशांची संस्था आहे, तिचा युरोपीय संघाशी संबंध नाही. युरोपातले लोकही यात गोंधळतात, तेव्हा आपण वाईट वाटून घेऊ नये.)

हे पूर्णवेळ अध्यक्षपद तसे नवे. पूर्वी दर सहा महिन्यांनी एकेका देशाच्या प्रमुखाकडे खुर्ची जायची, म्हणजे स्वतःच्या देशाचा कारभार सांभाळून हे जादा काम. लिस्बन कराराने ते पद कायमचे केले. त्या करारावर सह्या झाल्या १३ डिसेंबर २००७ ला, लिस्बनच्या जेरोनिमोस मठात. त्या वेळी लिस्बनचे महापौर होते अंतोनियो कोस्ता. सतरा वर्षांनी आपण त्याच करारातून निघालेल्या खुर्चीत बसू, हे तेव्हा त्यांच्या मनातही आले नसेल.

या अध्यक्षाच्या हातात असते काय? बैठक बोलावणे, विषयपत्रिका ठरवणे आणि शेवटी जाहीर होणाऱ्या निवेदनाचा मसुदा. एवढेच. बाकी सगळे फोन, भेटी, समजूत, वाट पाहणे. ज्या माणसाला हुकूम सोडायची सवय आहे त्याला हे काम कोरडे वाटेल. कोस्तांना ते का जमावे, हे कळायला पोर्तुगालमध्ये जावे लागते.

बाबुश

कोस्तांचा जन्म १७ जुलै १९६१, लिस्बन. ही तारीख गोव्याच्या माणसाने पुन्हा एकदा वाचावी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, म्हणजे हे मूल पाच महिन्यांचे असताना वडिलांचा गाव पोर्तुगालच्या हातातून गेला. वडील ओर्लांदो दा कोस्ता मोझांबिकमध्ये जन्मले, मडगावात वाढले आणि शिकायला लिस्बनला गेले. ते लेखक होते, कम्युनिस्ट होते, आणि सालाझारच्या हुकूमशाहीच्या विरोधात असल्यामुळे गुप्त पोलिसांनी त्यांना तुरुंगातही टाकले. गोव्यावर राज्य करणारी आणि पोर्तुगीज माणसाचे तोंड दाबणारी राजवट एकच होती, हे आपण बरेचदा विसरतो. आई मारिया अंतोनिया पाल्ला पत्रकार, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी. घरात मुलाला हाक मारायचे ‘बाबुश’. कोकणीत लहान मुलग्याला प्रेमाने म्हणतात तोच शब्द.

२५ एप्रिल १९७४ ला कार्नेशन क्रांतीने हुकूमशाही उलथली, तेव्हा बाबुश बारा वर्षांचा होता. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले तेही त्याच वर्षाच्या शेवटी. मुक्तीनंतर तेरा वर्षे लिस्बनचे सरकार ते मानायलाच तयार नव्हते. चौदाव्या वर्षी मुलगा समाजवादी पक्षाच्या युवक संघटनेत गेला. वडील कम्युनिस्ट, मुलगा समाजवादी. पोर्तुगालमध्ये हे अंतर फार मोठे होते. क्रांतीनंतरच्या दीड वर्षात हे दोन पक्ष रस्त्यावर एकमेकांसमोर उभे ठाकले होते, आणि पुढची चाळीस वर्षे ते एकत्र सरकार चालवतील असे कोणी स्वप्नातही आणले नाही. हा धागा लक्षात ठेवा.

कायद्याचे शिक्षण, थोडी वकिली, लिस्बनच्या नगरसभेत सदस्यत्व, असे पायरीपायरीने चालले. १९९३ मध्ये लिस्बनला लागून असलेल्या लोरेसच्या महापौरपदासाठी ते उभे राहिले. तिथल्या लोकांचे रोजचे दुखणे म्हणजे राजधानीत शिरणाऱ्या रस्त्यावरची कोंडी. कोस्तांनी ऐन गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर एक गाढव आणि एक फेरारी यांची शर्यत लावली. गाढव आधी पोहोचले. निवडणूक कोस्ता हरले, पण तो प्रसंग पोर्तुगालमध्ये आजही सांगितला जातो.

आकड्यांची शाळा

माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण १९९५ नंतर झाले. अंतोनियो गुतेरेश, म्हणजे पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव झालेले तेच, पंतप्रधान झाले. २३० जागांच्या संसदेत त्यांच्याकडे ११२ जागा होत्या, बहुमताला चार कमी. कोस्तांकडे संसदीय कामकाज आले, आधी राज्यमंत्री म्हणून आणि १९९७ पासून मंत्री म्हणून. अल्पमतातल्या सरकारात या खात्याचे काम म्हणजे प्रत्येक विधेयकाला कुठून तरी चार मते आणायची. आज उजवीकडून, उद्या डावीकडून. कोणाला काय हवे, कोण कुठे अडेल, आणि कोण मतदानाच्या वेळी उठून बाहेर जायला तयार होईल, हे ओळखायची सवय तिथे लागली.

त्यानंतर १९९९ ते २००२ न्यायमंत्री. २००४ मध्ये युरोपीय संसदेत निवडून गेले आणि तिथल्या उपाध्यक्षांपैकी एक झाले, पण हा मुक्काम वर्षभरसुद्धा टिकला नाही. मार्च २००५ मध्ये मायदेशात समाजवादी सरकार आले आणि ते गृहमंत्री म्हणून परतले. दोन वर्षांनी तेही सोडून लिस्बनच्या महापौरपदाला उभे राहिले, आणि २००७ ते २०१५ अशी आठ वर्षे महापौर होते. त्या काळातली एक गोष्ट मला आवडते: अंमली पदार्थ आणि वेश्याव्यवसायासाठी बदनाम झालेल्या इंतेंदेंत भागात त्यांनी २०११ मध्ये चक्क आपले कार्यालय हलवले. महापौर तिथे बसतो म्हटल्यावर रस्त्यावरचे दिवे, सफाई आणि पोलीस, सगळे आपोआप यायला लागले.

मग २०१५. कोस्तांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा थांबू.

पोर्तुगाल २०११ मध्ये कर्जात बुडाला होता. युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ७८ अब्ज युरोंचे पॅकेज दिले, त्याच्याबरोबर अटीही आल्या: पगारकपात, पेन्शनला कात्री, करवाढ, चार सार्वजनिक सुट्ट्या रद्द. तरुण मुले नोकरीसाठी देश सोडून गेली. ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत या काटकसरीचा कारभार करणाऱ्या उजव्या आघाडीला १०७ जागा मिळाल्या. कोस्तांच्या समाजवादी पक्षाला ८६, ‘डावा गट’ नावाच्या पक्षाला १९ आणि कम्युनिस्ट-हरित आघाडीला १७. कोस्ता हरले होते. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्यांच्या राजीनाम्याची वाट पाहत होती.

त्यांनी बेरीज केली: ८६ अधिक १९ अधिक १७, म्हणजे १२२. बहुमत ११६ चे.

पोर्तुगालच्या घटनेत एक बारकावा आहे. नव्या सरकारला विश्वासमत जिंकावे लागत नाही. त्याच्या कार्यक्रमाविरुद्ध ११६ मते पडली नाहीत की ते टिकते. त्यामुळे सगळ्यात मोठ्या पक्षाने सरकार बनवायचे आणि विरोधकांनी आपसांत भांडत बसायचे, अशी रीतच पडली होती. कम्युनिस्ट आणि समाजवादी एकत्र येऊन ११६ चा आकडा गाठतील, हे कोणी धरलेच नव्हते. १० नोव्हेंबर २०१५ ला उजव्या सरकारचा कार्यक्रम १२३ मतांनी फेटाळला गेला. २६ तारखेला कोस्तांचा शपथविधी झाला. निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या पक्षाचा नेता लोकशाही पोर्तुगालमध्ये पहिल्यांदाच पंतप्रधान झाला.

मोट बांधली कशी, हे बघण्यासारखे आहे. सगळ्यांना एका टेबलावर बसवायचा प्रयत्नच त्यांनी केला नाही. डावा गट, कम्युनिस्ट आणि हरित, तिघांशी तीन वेगळे कागद केले आणि सह्याही वेगवेगळ्या घेतल्या. कोणाला मंत्रिपद नाही. सगळा पाठिंबा बाहेरून. कम्युनिस्टांना नाटो नको होते, युरोही नको होता. कोस्तांनी त्यांना हे विचार सोडायला सांगितले नाही. त्या विषयांवर सरकार आपल्या वाटेने जाईल, तुम्ही तुमचे मत ठेवा. पगार, पेन्शन आणि किमान वेतन यांवर मात्र आपण एक. राष्ट्राध्यक्ष उजव्या पक्षाचे होते, त्यांनी सहा मुद्द्यांवर खुलासा मागितला, तोही दिला.

विरोधकांनी या मोटेला नाव दिले ‘झेरिंगोंसा’, म्हणजे कशीबशी जोडलेली, कधीही मोडेल अशी खटारा वस्तू. नाव इतके चिकटले की समर्थकही तेच वापरू लागले. खटारा चार वर्षे चालला. रद्द झालेल्या सुट्ट्या परत आल्या, कापलेले पगार परत मिळाले, किमान वेतन ५०५ युरोंवरून टप्प्याटप्प्याने ६०० वर गेले. आणि ब्रसेल्सला ज्याची धास्ती होती ते घडलेच नाही: तूट वाढायच्या ऐवजी कमी होत गेली, आणि २०१९ मध्ये लोकशाही आल्यापासून पहिल्यांदा पोर्तुगालच्या अंदाजपत्रकात शिल्लक उरली. अर्थमंत्री मारियो सेंतेनो युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे प्रमुख झाले. याची किंमतही होती. शिल्लक दिसावी म्हणून सार्वजनिक गुंतवणूक आखडती ठेवली गेली, आणि तिचा फटका रुग्णालयांना आणि रेल्वेला बसला. हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट लपवता येत नाही. जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांदच्या जंगलात वणवा पेटला आणि ६६ माणसे गेली, त्यातली बरीच रस्त्यावर, आपापल्या गाड्यांत होरपळून. ऑक्टोबरात पुन्हा वणवे लागले आणि आणखी पन्नासच्या आसपास माणसे गेली. कोस्ता पूर्वी गृहमंत्री होते, वणव्यांचे खाते त्यांना आतून माहीत होते. तडजोडी जुळवण्यात तरबेज असलेले हे सरकार त्या उन्हाळ्यात आपल्या माणसांना वाचवू शकले नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब करताना हे पान उलटून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही.

२०१९ ला १०८ जागा मिळाल्या, पण या वेळी लेखी करार झाला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात जुन्या मित्रांनीच अंदाजपत्रक पाडले. मध्यावधी निवडणूक लागली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लोकांनी कोस्तांना एकट्यालाच १२० जागा दिल्या. स्वतःचे पूर्ण बहुमत. आता कोणाची मनधरणी नको.

ते सरकार दोन वर्षेही पुरे करू शकले नाही. पहिल्याच वर्षात मंत्री-राज्यमंत्र्यांचे राजीनाम्यांवर राजीनामे झाले. सरकारी विमान कंपनीतल्या एका अधिकारी महिलेला कंपनी सोडताना मिळालेल्या पाच लाख युरोंवरून मोठे वादळ उठले. घरभाडी सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली. मित्रपक्ष असताना प्रत्येक निर्णय दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून जात होता; बहुमतात ती नजरच उरली नाही. मला यात कोस्तांच्या स्वभावाचा खुलासा दिसतो. समोर अडवणारा माणूस असला की त्यांचे उत्तम काम होते.

७ नोव्हेंबर २०२३ ला सगळे एका दिवसात संपले. लिथियमच्या खाणी, हरित हायड्रोजन आणि सिनेश बंदरातले डेटा सेंटर या प्रकल्पांच्या चौकशीत पोलिसांनी पंतप्रधानांच्या निवासापर्यंत झडत्या घातल्या. त्यांच्या प्रमुख सचिवाला अटक झाली. त्याच्या कार्यालयात ७५,८०० युरो रोख सापडले. खुद्द पंतप्रधानांचीही स्वतंत्र चौकशी सुरू असल्याचे सरकारी वकिलांच्या निवेदनात होते. काही तासांत कोस्तांनी राजीनामा दिला. असा संशय डोक्यावर असताना या पदावर बसता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कळले की फोनवरच्या एका संभाषणाच्या नोंदीत ‘अंतोनियो कोस्ता’ असे लिहिले गेले होते, ते प्रत्यक्षात अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री अंतोनियो कोस्ता सिल्वा यांच्याविषयी होते. कोस्तांची जबानी मे २०२४ मध्ये झाली, तीही आरोपी म्हणून नाही. पण तोवर निवडणूक होऊन उजवे सरकार आलेही होते.

२७ खुर्च्या

जून २०२४ मध्ये युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष निवडायची वेळ आली. हा अध्यक्ष जनता निवडत नाही. तेच २७ नेते विशेष बहुमताने निवडतात. त्यांना अशा माणसाची गरज होती जो स्वतः या टेबलावर बराच काळ बसलेला आहे, ज्याचे फार शत्रू नाहीत, आणि जो डाव्या बाजूचा आहे, कारण कमिशन उजव्यांकडे जाणार होते. कोस्ता आठ वर्षे त्या टेबलावर बसले होते. पोर्तुगालमध्ये त्यांच्या पक्षाला हरवून आलेले पंतप्रधान लुईश मोंतेनेग्रो यांनी त्यांना पाठिंबा दिला. इटलीच्या मेलोनी विरोधात गेल्या. हंगेरीचे ऑर्बान फॉन डेर लायन यांच्या विरोधात होते, पण कोस्तांच्या बाजूने मात्र त्यांनी मत दिले. १ डिसेंबर २०२४ ला त्यांनी सूत्रे घेतली आणि पहिल्याच दिवशी कीव्ह गाठले.

टेबलावरची रीत त्यांनी लगेच बदलली. दोन-दोन दिवस, पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठका एका दिवसात आणायचा त्यांचा आग्रह. एकमत होत नसेल तर काय करायचे, याचे उदाहरण मार्च २०२५ चे. युक्रेनविषयीच्या मजकुराला हंगेरी तयार नव्हती. निवेदन थांबवण्याऐवजी युक्रेनचा मजकूर वेगळा काढला गेला आणि त्याखाली लिहिले की याला २६ नेत्यांचा ठाम पाठिंबा आहे. नकाराधिकार कोणी मोडला नाही, पण त्यामुळे बाकीचेही गप्प बसले नाहीत. २०१५ मध्ये तीन पक्षांशी तीन वेगळे कागद करणारा तोच हात इथे दिसतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपात गोठवलेल्या रशियन पैशांतून युक्रेनला कर्ज द्यायची योजना होती. हा पैसा मुख्यतः बेल्जियममधल्या एका संस्थेत आहे, आणि उद्या रशियाने दावा लावला तर सगळा भार आपल्यावर येईल ही बेल्जियमची भीती होती. एक दिवसाच्या बैठकीचा नियम त्या रात्री टिकला नाही. पहाटे तोडगा निघाला तो निराळाच: संघानेच बाजारातून कर्ज काढून ९० अब्ज युरो द्यायचे, आणि हंगेरी, स्लोव्हाकिया व चेक प्रजासत्ताकावर त्याचा बोजा टाकायचा नाही. ज्यांना ते पैसे रशियाच्याच खिशातून हवे होते, ते निराश झाले. युक्रेनला मात्र पैसे मिळणार होते.

आता दिल्ली. २७ जानेवारी २०२६ ला भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याचे श्रेय थेट कोस्तांना देता येणार नाही. व्यापाराच्या वाटाघाटी कमिशन करते, म्हणजे ते काम फॉन डेर लायन यांच्या बाजूचे. पण या गोष्टीची एक मागची कडी आहे. २००७ ला सुरू झालेली ही बोलणी २०१३ पासून बंद पडली होती. ती पुन्हा सुरू करायचे ठरले मे २०२१ मध्ये, पोर्तुगालकडे संघाचे सहामाही यजमानपद असताना पोर्तू शहरात भरवलेल्या नेत्यांच्या बैठकीत. यजमान पंतप्रधान कोस्ता होते. कोविडमुळे नरेंद्र मोदी पडद्यावरून सामील झाले होते. अडलेल्यांना पुन्हा बोलायला बसवण्याचे काम त्यांनी तेव्हाच केले होते.

राहिले ते कार्ड. पंतप्रधान म्हणून ते जानेवारी २०१७ मध्ये भारतात आले, बेंगळुरूच्या प्रवासी भारतीय दिवसाचे प्रमुख पाहुणे होते. त्याच दौऱ्यात ते मडगावच्या वडिलोपार्जित घरीही जाऊन आले. कार्ड त्यांना मिळाले ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये, मोदी लिस्बनला गेले तेव्हा. नावात ‘सिटिझन’ असले तरी ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. या कार्डावर भारतात येता-जाता येते, राहता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. हे गोव्याच्या घराघरात माहीत आहे, फक्त उलट बाजूने: मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, हजारोंनी ते घेतले, आणि घेताक्षणी भारतीय पासपोर्ट गेला. मग त्यांनाही हेच कार्ड मागावे लागते. मडगावातून लिस्बनला गेलेल्याचा मुलगा आणि आज पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात राबणारा सासष्टीचा पोरगा, दोघांच्या खिशात तेच एक कार्ड.

युरोपियन कौन्सिलच्या अध्यक्षाची मुदत अडीच वर्षांची. कोस्तांची ३१ मे २०२७ ला संपते. ती फक्त एकदा वाढवता येते, आणि ते ठरवतात त्याच टेबलावरचे २७ जण. त्या मतदानातही कोस्तांना मत नसेल.